पाण्याखालच्या फोटोंसाठी परवडणारा फिल्म कॅमेरा: निकोनॉस घ्यावा की आहे त्या कॅमेऱ्याला हाउसिंग?

सागरवेडा:

नमस्कार. गेली दोन वर्षं मी फिल्मवर फोटो काढतोय. पूर्ण मेकॅनिकल एसएलआर (लेन्समधूनच दृश्य दिसतं तो कॅमेरा), ५० मिमीची एकच लेन्स, बहुतेक रोल कृष्णधवल. आता हेच पाण्याखाली करायचंय. डिजिटल घे असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांचं चुकतं असं नाही, पण मला फिल्मच हवी आहे, त्यामुळे तो विषय इथे नको, ही विनंती.

माझी धाकटी बहीण श्वास रोखून पोहते, मीही तिच्याबरोबर असतो. स्नॉर्केल लावून आम्ही वर तरंगतो आणि मधूनमधून सहा-सात मीटरपर्यंत बुडी मारतो. मला मुख्यतः तिचे फोटो काढायचे आहेत. मासे मिळाले तर आनंदच आहे. वर्षभरात स्कूबाचा पहिला कोर्स करायचा विचार आहे, म्हणजे पुढे १८ मीटरपर्यंत जाणं होईल.

बरीच शोधाशोध केली. माझ्या एसएलआरला बसेल असं पारदर्शक प्लास्टिकचं एक जुनं हाउसिंग, म्हणजे कॅमेरा आत ठेवायची पाणबंद पेटी, विकायला आहे. त्याच्यापेक्षा महाग, पण हाताबाहेर नाही, असा निकॉनचा पाण्याखाली चालणारा फिल्म कॅमेरा निकोनॉस ५ आहे, सोबत ३५ मिमी लेन्स. विकणारा म्हणतो की हा पाण्यात एकदाही गेलेला नाही, जणू नवाच. शिवाय पाच मीटरपर्यंत चालणारे छोटे ऑटोमॅटिक कॅमेरे आहेत, ते सगळ्यांत स्वस्त. आणि कॅमेरा आत घालून तोंड बंद करायची ती मऊ पिशवी.

पैसे मोजकेच आहेत आणि एकदाच खर्च करता येईल. काय घेऊ?


छत्तीसफ्रेम:

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, कारण कशाचे फोटो आणि किती खोल, हे तुम्ही सांगितलंत. बहुतेक जण नुसतं मॉडेल विचारतात.

मी बरीच वर्षं पाण्याखाली फिल्म वापरते आहे. त्यातली बरीचशी निकोनॉसवर, काही हाउसिंगमध्ये. माझं मत आधीच सांगते: तुम्ही निकोनॉस घ्या, पण ५ ऐवजी ३ शोधा, आणि सर्व्हिसिंगचा खर्च पहिल्या दिवसापासून किमतीतच धरा. सर्व्हिसिंगला पैसे उरणार नसतील तर तो कॅमेरा तुम्हाला परवडत नाही, असं खुशाल समजा. आता कारणं सांगते.

पाच मीटरवाले छोटे कॅमेरे तुमच्या कामाचे नाहीत. कॅमेरे वाईट आहेत असं नाही. कॅननचा शुअर शॉट ए१ मी आजही तरंगताना वापरते, ३२ मिमीची सुरेख लेन्स आहे त्याला. पण पाच मीटर म्हणजे नवा असताना पाच मीटर. आता त्यांचं रबर कित्येक वर्षांचं आहे आणि तुम्ही सातावर जाता. त्यातही नाव नीट वाचून घ्या. ऑलिंपसचा म्यू किंवा त्याच्यासारखे 'वेदरप्रूफ' कॅमेरे फक्त पावसाच्या शिंतोड्यांसाठी आहेत, ते बुडवायचे नाहीत. विकणारे दोन्ही प्रकारांना सर्रास 'वॉटरप्रूफ' म्हणतात.

तुमच्या एसएलआरचं हाउसिंग ऐकायला सगळ्यांत सोयीचं, कारण कॅमेरा घरात आहेच. पण हाउसिंग एका विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेलं असतं. शटर दाबणारा दांडा, फिल्म पुढे नेणारा दांडा, फोकस फिरवणारं चाक, सगळं त्या एका कॅमेऱ्याच्या बटणांवर बरोबर बसावं लागतं. जुन्या हाउसिंगमधून नेमकं त्या लेन्सचं चाक हरवलेलं असतं आणि मग फोकस एका जागी बांधून फोटो काढावे लागतात. शिवाय प्रत्येक दांडा भिंतीतून आरपार जातो आणि तिथे स्वतःची एक छोटी ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) असते, म्हणजे पाणी शिरायच्या जागा तेवढ्या वाढल्या. आणि पाण्याचा भार किती असतो याचा अंदाज घ्या: १० सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर १० मीटर खोलीला साधारण ८० किलोचा दाब पडतो. हाउसिंगचं जुनं प्लास्टिक (पॉलिकार्बोनेट) स्क्रूंच्या भोवती बारीक तडकलेलं असेल तर हा आकडा आठवावा.

तुमच्यासाठी त्याहून मोठी अडचण म्हणजे आकार. हाउसिंगमध्ये काही लिटर हवा असते, ते तरंगू पाहतं, खाली न्यायला वजन लावावं लागतं आणि एका श्वासात बुडी मारताना ते हातात छत्रीसारखं ओढत राहतं. सिलिंडर पाठीवर असेल तर चालून जातं. श्वास रोखून पोहणाऱ्याला नाही.

आणि ती ५० मिमी लेन्स. सपाट काचेतून पाण्यात पाहिलं की प्रत्येक वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते, मास्कमधून तुम्ही हे रोज पाहता. लेन्सचंही तेच होतं. ५० मिमी पाण्यात ६६ मिमीसारखी वागते. बहिणीचा पायातल्या फिन्ससकट पूर्ण फोटो हवा असेल तर चार मीटर मागे जावं लागेल, आणि चार मीटर पाण्यातून काढलेला फोटो म्हणजे दुधात बुडवलेला फोटो. पाण्यातल्या फोटोग्राफीत सगळ्यांत महाग वस्तू कुठली, तर तुमच्या आणि समोरच्याच्या मधलं पाणी. ते कमी करणारी प्रत्येक गोष्ट घ्यावी.

डोम पोर्ट, म्हणजे घुमटासारखी गोल काच, लावला तर लेन्सचा कोन जमिनीसारखाच राहतो, पण मग लेन्सला अगदी जवळ फोकस करता यावं लागतं, कारण डोम समोरच्या दृश्याची प्रतिमा काचेपासून थोड्याच अंतरावर उभी करतो. म्हणजे डोमचा खर्च वेगळा आणि रुंद लेन्सचा वेगळा.

आता निकोनॉस. हा हाउसिंगमध्ये बसवलेला कॅमेरा नव्हे, त्याचं कवचच त्याचं हाउसिंग आहे. मूळ कल्पना समुद्रसंशोधक जाक कुस्तो यांच्या गोतावळ्यातली. जाँ द वूतेर या अभियंत्यांनी कॅलिप्सो नावाने कॅमेरा बनवला, तो निकॉनने घेतला आणि १९६३ मध्ये पहिला निकोनॉस आला. ३ हे मॉडेल १९७५ चं, ५ हे १९८४ चं, आणि २००१ मध्ये हे सगळं थांबलं. ५० मीटरपर्यंत जायला बनवलेला आहे, म्हणजे तुमच्या १८ मीटरला भरपूर.

३ का, तर त्यात बॅटरीच नाही. उजेड मोजणारा मीटरही नाही. १/३० ते १/५०० शटर, एकच खटका, तोच फिल्म पुढे नेतो आणि तोच शटर सोडतो. हातमोजे घालूनही चालतो. पाणी शिरलंच तरी जळून जाण्यासारखं आत काही नाही, वेळेत धुतला आणि मेकॅनिककडे नेला तर बहुतेक वेळा वाचतो. ५ मध्ये मीटर आहे, ॲपर्चर-प्रायॉरिटी आहे, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, एफ/८ सारखे आकडे त्याचेच) आपण लावायचं आणि वेग कॅमेरा ठरवतो, टीटीएल फ्लॅश (लेन्समधून आलेला उजेड मोजून चालणारा) आहे, व्ह्यूफाइंडरमध्ये आकडे चमकतात. सोय म्हणून तो कितीतरी चांगला. पण त्याच्या सर्किटला खारं पाणी लागलं की सहसा कायमचं जातं, मग उरतो तो फक्त १/९० चा एक मेकॅनिकल वेग. मधला ४-ए टाळा, त्यात शटरचा वेग कॅमेराच ठरवतो, आपल्याला हवा तसा निवडता येत नाही. तुम्ही जमिनीवर मेकॅनिकल कॅमेरा वापरता, उजेडाचा अंदाज तुम्हाला येतो. ३ तुम्हाला जड जाणार नाही.

३५ मिमी एफ/२.५ लेन्स पाण्यात साधारण ४७ मिमीसारखी होते. बहिणीच्या पूर्ण आकृतीसाठी तीन मीटरच्या आसपास राहावं लागेल, कमरेपासून वर हवी असेल तर दीड मीटर पुरतं. हीच लेन्स पाण्याबाहेरही चालते. २८ मिमी यूडब्ल्यू-निकॉर मिळाली तर तुमच्या कामाला आणखी चांगली, ती पाण्यात ३७ मिमीसारखी दिसते, पण फक्त पाण्यातच चालते. एलडब्ल्यू अक्षरं असलेली २८ मिमी मात्र घेऊ नका, ती जमिनीसाठी आहे. १५ मिमी अप्रतिम आहे, आणि तुमच्या बजेटच्या पलीकडे.

आता त्या 'पाण्यात एकदाही न गेलेल्या' कॅमेऱ्याबद्दल. हे ऐकून माझी काळजी वाढते. रबर न वापरताही वाळतं. वर्षानुवर्षं एकाच जागी दबून राहिलेली ओ-रिंग चपटी होते, तिची गोलाई जाते आणि ती परत फुगत नाही. लेन्सची आणि मागच्या झाकणाची रिंग तुम्ही घरी बदलाल. शटरच्या बटणाखालची, वेगाच्या चाकाखालची, रिवाइंडच्या दांड्याची रिंग तुम्हाला दिसणारही नाही, त्यासाठी कॅमेरा खोलावा लागतो. नियमित पाण्यात जाणारा, दरवर्षी रिंगा बदललेला, बाहेरून ओरखडे पडलेला कॅमेरा मी केव्हाही आधी घेईन.


दुर्बीण:

वरचं बरंचसं पटलं, पण हाउसिंगवर थोडा अन्याय झालाय असं वाटतं.

मी पूर्वी निकोनॉस वापरायचो, मग एसएलआर हाउसिंगमध्ये घालायला लागलो आणि परत गेलो नाही. कारण एकच: लेन्समधून दिसतं. निकोनॉसमध्ये व्ह्यूफाइंडर वेगळा, फोकस अंदाजाने. माझ्या पहिल्या चार रोलांमध्ये माशांची शेपटी स्पष्ट आणि डोळा धूसर, किंवा डोकंच कापलेलं, असे फोटो ढिगाने निघाले. जवळ गेल्यावर फाइंडरला दिसतं एक आणि लेन्सला दुसरंच. छोट्या जिवांचे फोटो काढायचे असतील तर निकोनॉसवर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स पुढे नेणारी नळी) लावून पुढे तारेची चौकट ठेवावी लागते, ती चौकट जिवाजवळ नेली की तो पळतो, आणि प्रवाळाला धक्का लागतो तो वेगळाच. हाउसिंगमधल्या मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणाऱ्या) लेन्सला यातलं काही करावं लागत नाही.

पारदर्शक हाउसिंगचा आणखी एक फायदा: पाणी शिरू लागलं की तळाशी पहिला थेंब डोळ्याला दिसतो. धातूच्या कवचात कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मात्र मास्क लावून साध्या एसएलआरच्या फाइंडरमध्ये पाहिलं तर डोळा लांब राहतो आणि फ्रेमचा मधलाच भाग दिसतो, कोपरे दिसत नाहीत. लांबून पाहता येईल असा फाइंडर बसवता येणारा कॅमेरा असेल तरच खरी मजा. प्रश्नकर्त्याच्या कॅमेऱ्याचा फाइंडर बदलता येत नसेल तर माझंही मत निकोनॉसकडेच झुकेल. मासे हा मुख्य विषय असता तर झुकलं नसतं.

मऊ पिशवीचा अनुभव: पृष्ठभागाजवळ ठीक. खाली गेलं की आतली हवा दबते, प्लास्टिक कॅमेऱ्याला चिकटतं आणि बटणं हलवणं कठीण होतं.


सागरवेडा:

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या कॅमेऱ्याचा फाइंडर बदलता येत नाही, त्यामुळे हाउसिंगचा विचार सोडला.

ताई, दोन शंका आहेत. अंदाजाने फोकस मी कधीच केलेला नाही. पाण्यात वस्तू जवळ दिसतात, मग लेन्सवर कुठलं अंतर लावायचं, दिसतं ते की खरं ते? आणि ओ-रिंगची काळजी म्हणजे नेमकं काय करायचं? 'ग्रीस लावा' एवढंच सगळीकडे वाचलं, पण किती आणि कसं?


छत्तीसफ्रेम:

आधी फोकस, तो सोपा आहे. दिसतं ते अंतर लावायचं. मास्कची काच सपाट, लेन्सची काच सपाट, तुमचा डोळा आणि लेन्स दोघंही एकाच प्रकारे फसतात. समोरची व्यक्ती तुम्हाला दीड मीटरवर वाटली तर लेन्सवर दीड मीटर. खरं अंतर दोन मीटर आहे याच्याशी फोकसला घेणं नाही. फ्लॅशचा हिशेब करताना मात्र खरं अंतर लागतं.

अंदाज बसवायला मी दोरी वापरायची. दोन मीटरवर एक गाठ आणि एक मीटर साठ सेंटिमीटरवर एक. एक टोक बहिणीच्या हातात, एक तुमच्या. पहिल्या गाठीला लेन्सवर दीड, दुसऱ्या गाठीला १.२. एक दिवस फिल्म न घालता नुसतं हे करा. डोळ्याला ते अंतर एकदा बसलं की दोरी लागत नाही. एफ/८ ला ३५ मिमी लेन्स दोन मीटरवर लावली तर साधारण दीडपासून तीन मीटरपर्यंतचं सगळं चालण्याइतपत स्पष्ट येतं. निकोनॉसच्या लेन्सवर ॲपर्चरची गुंडी फिरवली की अंतरांच्या पट्टीवर दोन लाल काटे जवळ येतात किंवा लांब जातात, किती पट्टा स्पष्ट येणार ते तिथेच दिसतं. लेन्स उलटी करून स्वतःकडे तोंड केली की हे वाचता येतं. इतकी साधी आणि इतकी उपयोगी गोष्ट मी दुसऱ्या कॅमेऱ्यावर पाहिली नाही. दुर्बीण यांची धूसर डोळ्यांची तक्रार खरी आहे, पण ती माशांची आहे. माणूस मोठा असतो, ठरवलेल्या जागी येतो, आणि तीन वेळा येतो.

आता ओ-रिंग. हे काम घाईत करायचं नाही, आणि कोणाशी बोलत बोलत तर नाहीच.

टेबल पुसा. केस बांधा, हात धुवा, कोरडे करा. रिंग काढायला पिन, सुरी, चिमटा, धातूचं काहीही नको. रिंगच्या दोन बाजूंना अंगठा आणि बोट ठेवून ती एकमेकांकडे सरकवा, मध्ये एक फुगवटा उभा राहतो, तो पकडून उचला. मग रिंग डोळ्यांनी नाही, बोटांनी तपासा: डोळे मिटून चिमटीतून पूर्ण एक फेरा सरकवा. वाळूचा कण, चीर, चपटा झालेला भाग, बोटांना आधी कळतो. रिंग जिथे बसते ती खाच धागे न सुटणाऱ्या फडक्याच्या घडीने पुसा. कापूस वापरू नका, त्याचे तंतू मागे राहतात. समोरच्या धातूचा जो भाग रिंगवर टेकतो तोही पुसा, लोक तो विसरतात.

ग्रीस म्हणाल तर ज्वारीच्या दाण्याएवढं घ्यायचं आणि पूर्ण रिंगला पुरवायचं. रिंग ओली दिसायला हवी, तिच्यावर पांढरा थर दिसायला नको. ग्रीस पाणी अडवत नाही. पाणी रबर अडवतं. ग्रीस रबराला फक्त नीट सरकू देतं, म्हणजे ते पीळ न पडता जागेवर बसतं. जास्त लावलं तर तेच वाळू आणि केस गोळा करून ठेवतं. आणि रिंग कुठल्या रबराची आहे त्याप्रमाणे ग्रीस घ्या, सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं की ती फुगते.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही माझा एक निकोनॉस ५ मी स्वतःच्या हाताने बुडवला. सकाळी होडीवर रोल बदलला, पहिल्या बुडीहून नुकतीच वर आले होते, केस ओले, वारा सुटलेला. झाकण बंद करताना आतून पुसलं होतं, रिंग पाहिली होती. चार मीटरवर गेल्यावर झाकणाच्या खालच्या कोपऱ्यातून बुडबुडे येताना दिसले, सुईच्या टोकाएवढे, एकामागोमाग एक, सरळ रेषेत. कॅमेऱ्याबाहेर हवा येते याचा अर्थ आत पाणी जातंय. लेन्स खाली करून वर आले, रोल गुंडाळला, झाकण उघडलं. आत चमचाभर पाणी असेल. रिंगवर आडवा पडलेला माझा एक केस, रबरात त्याची बारीक रेघ उमटलेली. कॅमेरा तिथेच गोड्या पाण्याच्या बादलीत घातला आणि तसाच मेकॅनिककडे नेला, पण सर्किट गेलं ते गेलंच. १/९० तेवढा चालू राहिला. रोल वाळू दिला नाही, वाळला की फिल्मचे थर एकमेकांना चिकटतात. गोड्या पाण्यात बुडवून डबीत घालून लॅबमध्ये दिला, सांगितलं की ओला आहे, आजच धुवा. अकरा फ्रेम वाचल्या.

त्या दिवसापासून होडीवर कॅमेरा उघडायचा नाही हा माझा नियम आहे. एका दिवसाला छत्तीस फ्रेम, संपल्या की संपल्या. कॅमेरा आदल्या रात्री कोरड्या खोलीत भरते, आत सिलिका जेलची छोटी पुडी ठेवते. दमट गरम हवेत बंद केलेला कॅमेरा थंड पाण्यात गेला की लेन्सला आतून वाफ धरते, आणि मग अर्धा रोल धुकं.

फोटो काढून झाले की कॅमेरा गोड्या पाण्यात निदान अर्धा तास बुडवून ठेवा आणि पाण्यातच सगळी बटणं, गुंड्या हलवा. मीठ वाळून खाचेत खडा झाला की तो रिंग कापतो. बाहेरून पूर्ण कोरडा झाल्याशिवाय उघडू नका, उघडताना लेन्स किंवा झाकण जमिनीकडे, म्हणजे उरलेला थेंब आत न जाता खाली पडतो.

३ उघडण्याची तऱ्हा वेगळी आहे. आधी लेन्स काढायची, मग आतला गाभा बाहेरच्या कवचातून उचकटून वर उचलायचा. पहिल्यांदा भीती वाटते, वाटतं की काहीतरी मोडलं. मोडत नाही.


गढूळपाणी:

एक छोटी सूचना. मोठा खर्च करण्याआधी एकदा वापरून टाकायचा वॉटरप्रूफ कॅमेरा घ्या. फुजीफिल्मचा १० मीटरपर्यंत, कोडॅकचा १५ मीटरपर्यंत चालतो, दोन्हींत आयएसओ ८०० चा (म्हणजे कमी उजेडातही चालणारा) २७ फ्रेमचा रोल असतो. फोकस ठरलेला, एक मीटरच्या पुढचं सगळं. फ्लॅश नाही. उन्हात पृष्ठभागाजवळ छान येतात.

मी हे केलं तेव्हा फोटोंपेक्षा महत्त्वाची गोष्ट कळली: २७ पैकी २० फोटो मी फार लांबून काढले होते. पाण्यात असताना सगळे जवळचे वाटले होते.


सागरवेडा:

ही सूचना लगेच अमलात आणतो. बहिणीलाही सांगितलं, ती दोरीवर गाठी मारायला बसली आहे.

निकोनॉस ३ चे दोन सापडले आहेत, दोन्ही ३५ मिमीसह. एकावर खूप ओरखडे आहेत आणि मालक सांगतो की दोन वर्षांपूर्वी सगळ्या रिंगा बदलल्या. दुसरा चकचकीत, सर्व्हिसिंगचा पत्ता नाही. पाहायला जाताना काय काय बघू? आणि मीटर नसताना पाण्यात उजेड कसा मोजायचा? फ्लॅशला आत्ता पैसे नाहीत.


छत्तीसफ्रेम:

ओरखडेवाला आधी बघा. त्याच्याकडे त्या कामाचा कागद आहे का विचारा, आणि असला तरी घेतल्यावर एकदा प्रेशर टेस्ट करून देणारा मेकॅनिक गाठा. ओरखड्यांनी काही होत नाही. रंगाखाली फोड आलेत का ते बघा, ते आतून धातू खाल्ला जात असल्याचं लक्षण. लेन्स काढून मागच्या बाजूला आणि गाभ्याच्या कोपऱ्यांत पांढरी किंवा हिरवट पूड दिसते का बघा, दिसली तर कधीतरी पाणी आत गेलेलं आहे. लेन्समधून टॉर्च पाडून बुरशी बघा. दोन्ही गुंड्या सलग फिरायला हव्यात, मध्ये कुठे अडकायला नकोत. सगळ्या वेगांना शटर सोडून ऐका, १/३० आणि १/६० मधला फरक कानाला कळतो.

घरी आणल्यावर फिल्मऐवजी कोरडा टिश्यू पेपर आत ठेवून बादलीत तासभर बुडवा. फक्त बादलीत काय कळणार असं वाटेल, पण बरीच गळती उथळ पाण्यातच होते. खाली दाब रिंगला उलट आणखी घट्ट बसवतो.

उजेडाचं असं. आयएसओ ४०० चा रोल, ऊन डोक्यावर, पाणी स्वच्छ असेल तर तीन मीटरवर १/२५० ला एफ/११ पासून सुरुवात करा. सहा मीटरवर एफ/८. तळ पांढऱ्या वाळूचा असेल तर एवढं पुरतं, काळा खडक किंवा गवत असेल तर एक स्टॉप उघडा (म्हणजे दुप्पट उजेड द्या). आकाश ढगाळ असेल तर दोन. शंका आली तर जास्त उजेड द्या, निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सहन करते, कमी करत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जाऊ नका. सूर्य खाली आला की उजेड पृष्ठभागावरूनच परततो, जमिनीवरचा तो सोनेरी तास पाण्याखाली अंधार असतो.

फ्लॅश नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच जवळजवळ जातो, त्याच्या मागोमाग नारिंगी, आणि हे फक्त खोलीवर नाही, तुमच्यापासून तिच्यापर्यंतच्या पाण्यावरही अवलंबून असतं. कॅमेऱ्याला चिकटलेला छोटा फ्लॅश तो रंग परत आणेलही, पण मधल्या प्रत्येक कणावर उजेड पाडून फोटोभर पांढरे ठिपके करेल. तुम्ही कृष्णधवल काढता, तुम्हाला ही चिंताच नाही. इलफर्डचा एचपी५ प्लस हा कृष्णधवल रोल घ्या, ४०० ला काढा आणि लॅबला ८०० समजून धुवायला सांगा. पाण्यात सगळं करडं होतं, त्याने काळं-पांढरं थोडं वेगळं होतं. रंगीत काढायचंच असेल तर वरच्या दोन-तीन मीटरमध्ये राहा, तिथे त्वचेचा रंग अजून त्वचेसारखा असतो.

बहिणीच्या खाली जा आणि वर बघून काढा. पाठीमागे पृष्ठभागाची चकाकी येते, आकृती सुटी दिसते, आणि तिच्या केसांतून ऊन खाली उतरतं. मात्र दोघांनी एकाच वेळी बुडी मारायची तर वर तिसरं कोणीतरी लक्ष ठेवायला हवंच. कॅमेरा डोळ्याला असला की आपला श्वास किती उरलाय हे कळत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. कॅमेरा घेऊन नेहमीच्या निम्माच वेळ खाली राहा.

पाण्यात लिहायची प्लास्टिकची पाटी आणि साधी पेन्सिल मिळते, ती मनगटाला बांधा. प्रत्येक फोटोनंतर खोली, वेग, ॲपर्चर आणि लेन्सवर लावलेलं अंतर लिहा. पहिला रोल धुऊन आला की निगेटिव्हचा फोटो आणि ती पाटी दोन्ही इथे टाका, आपण एकेक फ्रेम बघू.